पहिल्या तारखेचं माप

फोन वाजला तेव्हा त्याच्या तोंडात चुका होत्या, बुटाला ठोकायचे बारीक खिळे. टाच ठोकताना चुका ओठांत धरायच्या आणि एकेक काढून ठोकायची, ही सवय बापापासूनची. टाच बायकोच्याच नव्या बुटाची होती, उजव्या पायाची. फोन उचलला, पण बोलता येईना. पलीकडून एक मुलगी हॅलो, हॅलो करत राहिली. शेवटी त्यानं चुका तळहातावर काढल्या आणि म्हणाला, "हां, बोला."

"कोण बोलतंय?"

"फोन तुम्ही केलाय. कोण पाहिजे ते तुम्हीच सांगा."

मुलीनं त्याच्या बायकोचं नाव घेतलं, जन्मतारखेसकट, आणि विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? तो म्हणाला, नवरा. ती म्हणाली, दवाखान्यातून बोलतेय, लगेच या.

"डबा आणू का? तिला उशीर होणार असेल तर."

ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "नको काका. तुम्ही फक्त या."

तेव्हाच त्याला कळलं. तरी त्यानं दुकान नीट बंद केलं, शेगडीवरचा डिंक उतरवला, दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं. दवाखान्यात सही करायला पेन पुढं केलं तेव्हा त्यानं मूठ उघडली. चुका अजून मुठीतच होत्या. दोन तळहातात रुतल्या होत्या.

ती दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला जायची, तशीच गेली होती. बाकावर बसली, पर्स मांडीवर घेतली, डोळे मिटले. लोकांना वाटलं डुलकी लागली. नंबर पुकारला, उठली नाही. दोनदा पुकारून त्यांनी पुढचा माणूस आत घेतला. पुढचाही आटोपला, त्याच्या पुढचाही, मग झाडणारीनं खांद्याला हात लावला.

डॉक्टर तरुण होता. त्यानं याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि फायलीत बघत विचारलं, "पायांना सूज कधीपासून होती?"

"मोजे होते," तो म्हणाला.

"काय?"

"लोकरीचे मोजे होते."

डॉक्टरला काही कळलं नाही. त्यानं समजावून सांगितलं की इतक्या वर्षांच्या सांध्यांच्या आजारात हृदयही थकतं, अंगात पाणी साठतं आणि ते आधी पायांवर दिसतं. महिनाभर आधी कुणी बघितलं असतं तर कदाचित. 'कदाचित'च्या पुढं त्यानं वाक्य नेलं नाही. चांगला माणूस असावा.

आता हे मोज्यांचं काय, ते सांगायला सात वर्षं मागं जावं लागेल.

तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचं लग्न व्हायचं राहून गेलं होतं. मुद्दाम नाही. आधी बापाचं आजारपण, मग आईचं, मग लोक विचारायचेच बंद झाले. मापानं बूट शिवून देणारं त्याचं दुकान लहान होतं, खाली काम आणि वर दोन खोल्या. गल्लीत त्याला सगळे कारागीर म्हणत. ती एका दुपारी पिशवी घेऊन आली. पिशवीत बुटांचे तीन जोड होते.

"या तिन्हींत मिळून मला एक बूट बसतो," ती म्हणाली. "तोही उजवा का डावा ते नक्की नाही."

त्यानं पाय दाखवा म्हटलं. लोक पाय दाखवायला लाजतात. मोठमोठी माणसंसुद्धा बोटं आखडून घेतात. तिनं मोजा काढला आणि पाय सरळ त्याच्या गुडघ्यावर ठेवला. बोटं एकमेकांवर चढलेली, अंगठ्याचा सांधा बाहेर आलेला, तळव्याला घट्टे.

"घाबरू नका. मी रोज बघते," ती म्हणाली.

त्यानं पाय फिरवून बघितला, मग तिचे तिन्ही जोड बघितले. "पायाचा काही दोष नाही," तो म्हणाला. "बूट वाईट आहेत."

तिनं पाय तसाच त्याच्या गुडघ्यावर राहू दिला. मग म्हणाली, "अठरा वर्षं जो तो माझ्या पायांना बोलतोय. बुटांना बोलणारे तुम्ही पहिले."

ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. आधी टायपिंग करायची, पण बोटं वाकली तसं तिला खिडकीवर आणलं. कानांना सांधे नसतात म्हणून, असं ती सांगायची. दिवसभर लोक येऊन तिला शिव्या द्यायचे. नळाला पाणी नाही, आहे ते गढूळ आहे, जणू हीच वर बसून तोटी पिळतेय.

पहिला जोड झाला. पंधरा दिवसांत ती परत आली. म्हणाली, टाच वाजते. टाच वाजत नव्हती. त्यानं ती काढून पुन्हा ठोकली. महिन्यानं आली, नाडी लांब आहे म्हणाली. नाडी कात्रीनं घरीही कापता येते, हे दोघांनाही माहीत होतं. चौथ्या खेपेला तिला काही खोड सापडेना, नुसतीच स्टुलावर बसून राहिली. तेव्हा उभ्या जन्मात कधी कच्चा टाका न घातलेल्या त्या माणसानं बुटाच्या आतल्या अंगाला एक टाका मुद्दाम कच्चा सोडला. आठवड्यात उसवला. तिनं उसवलेली शिवण त्याच्या पुढं धरली आणि म्हणाली, "कारागीर, हे बरं जमलं तुम्हाला."

लग्नाचं तिनंच काढलं. आधी सगळं सांगून टाकलं. आजार तेविसाव्या वर्षापासूनचा, बरा होणारा नाही. आज सांधे आहेत, उद्या आणखी काही. एकदा लग्न ठरलं होतं, ते मोडलं. त्या मुलाची आई म्हणाली होती, मडकंसुद्धा वाजवून घेतात.

"म्हणजे मी वाजणारं मडकं," ती म्हणाली. "सकाळी उठताना या, गुडघ्यापासून मानेपर्यंत सगळं वाजतं."

त्याची थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणत, हे ऐकून तणतणत आली. "पायावर धोंडा पाडून घ्यायची एवढी हौस आहे तर धोंडा तरी धडका घे," ती म्हणाली. अक्का मनानं वाईट नव्हती. तिनं स्वतः आजारी सासू अकरा वर्षं उचलली होती, आणि भाऊ त्याच वाटेनं चाललेला तिला बघवत नव्हतं. पण बोलणं कसंतरी हिच्या कानावर गेलं. त्यानंतर कचेरीतून फोन आला की ती म्हणायची, "धोंडा बोलतेय. येताना काय आणू?" पुढं अक्कासमोरही म्हणायची. अक्का आधी ओशाळली, मग हसायला लागली, मग दर सणासुदीला धोंड्यासाठी वेगळी बरणी पाठवायला लागली.

लग्नाआधी तिनं एकच अट घातली.

"मला 'कसं वाटतंय' असं कधी विचारायचं नाही. लोक विचारतात आणि माझ्या तोंडाकडं बघत बसतात. मग त्यांना बरं वाटावं म्हणून मला बरं वाटतंय म्हणावं लागतं. माझी निम्मी ताकद त्यातच जाते. तुम्हाला काय कळायचं ते पायावरून कळतं ना? मग महिन्याच्या पहिल्या तारखेला माप घ्या. पायाला विचारा. मला विचारू नका."

त्याला ही अट सोपी वाटली. त्याला बोलायचं तसं वावडंच होतं, आणि माप तर रोजचं काम.

मग सात वर्षं तसंच चाललं. पहिली तारीख आली की सकाळच्या चहाआधी ती खुर्चीत बसायची, हा खाली बसायचा. पायाखाली पुठ्ठा ठेवायचा, पेन्सिल उभी धरून कडेकडेनं फिरवायची, मग फीत लावायची. बोटांच्या सांध्यावर, पायाच्या वरच्या उंचवट्यावर, घोट्यावर. ज्या लाकडी पायावर बूट शिवतात त्याला फर्मा म्हणतात. तिचा सांधा बाहेर आला की फर्म्यावर त्या जागी कातड्याचा तुकडा चिकटवायचा आणि पुढचा बूट त्यावर बेतायचा. सात वर्षांत त्या फर्म्यावर इतकी ठिगळं चढली की लाकूड शोधावं लागे.

"डावा अंगठा आणखी आत गेलाय," तो म्हणायचा. "उजवीकडं भार कमी टाकतेस. गुडघा?"

"पायाला विचारायचं ठरलंय. गुडघा हद्दीबाहेर." मग म्हणायची, "बातम्या संपल्या? चहा टाका आता."

बाकीचे एकोणतीस-तीस दिवस आजार घरात असायचा आणि त्याचं नाव निघायचं नाही. बरणीचं झाकण तो आदल्या रात्रीच सैल करून ठेवायचा. दाराच्या गोल मुठी काढून त्यानं कातडी पट्टे लावले. ती म्हणायची, दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकते, घरी माझी एक जरी ऐकवली तर तुम्हाला पगार द्यावा लागेल. खूप सुख होतं असं नाही. दुखणाऱ्या माणसाशेजारी झोपलेला माणूस कूस बदलायलाही भितो. पण संध्याकाळी जिन्यावर तिचे पाय वाजले, एकामागून एक, सावकाश, की तो हातातलं काम ठेवायचा. पायरी चुकली तर कानांना आधी कळायला हवं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी तिला पाच आठवडे दवाखान्यात ठेवलं होतं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या छताखाली मला पुन्हा निजवू नका." तो हो म्हणाला. तेव्हा त्याला वाटलं, बोलायला काय जातंय.

यंदाच्या थंडीत तिनं डोंगराचा ध्यास घेतला. शहराला जिथून पाणी येतं तो तलाव डोंगरावर आहे. बाहेरच्या माणसाला तिथं सोडत नाहीत, पण कचेरीच्या लोकांना वर्षातून एकदा चिठ्ठी मिळते. वर जायला दगडी पायऱ्या आहेत, बऱ्याच. "एकोणीस वर्षं मी त्या पाण्यापायी शिव्या खातेय," ती म्हणाली. "एकदा त्याचं तोंड तरी बघू दे." थंडी सरली की जायचं ठरलं. त्यासाठी त्यानं घोट्याच्या वरपर्यंत येणारा नवा जोड धरला, आत मऊ अस्तर, पायरीवर घसरणार नाही असा तळ. इतका जीव लावून त्यानं कुणाचंच काम केलं नव्हतं.

त्याच सुमारास पहिली तारीख आली. तो पुठ्ठा घेऊन बसला, तर तिच्या पायांत लोकरीचे मोजे.

"काढ ते."

"राहू द्या हो. बोटं गारठलीत. मोज्यावरूनच घ्या आणि मोज्याचं वजा करा."

त्याचा बाप म्हणायचा, मोज्यावरचं माप म्हणजे ऐकीव साक्ष. त्यानं एवढ्या वर्षांत कुणाचं असं माप घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. घोट्यावर फीत लावली तर आकडा बराच पुढं गेला. मोज्याची जाडी धरली, तरी उरलाच. त्यानं मनाशी म्हटलं, धुऊन धुऊन लोकर फुगलीय. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात 'मोजे' असं लिहिलं आणि फर्म्याला हात लावला नाही.

पुढच्या पहिल्या तारखेलाही मोजे. या वेळी त्यानं घोट्याजवळ अंगठा दाबला. अंगठा आत गेला, आणि उचलला तरी खळगा लगेच भरला नाही. लोकर दबली, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तीस वर्षं पाय हातात घेतलेल्या माणसाला लोकर कशी दबते आणि पाय कसा दबतो हे सांगावं लागत नाही. तो खाली मान घालून तसाच बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, केस थोडे विस्कटले आणि म्हणाली, "बरे आहात तुम्ही." तो उठला आणि चहा टाकायला गेला. ती गेली त्याच्या आधीची ही शेवटची पहिली तारीख.

दवाखान्यातून तिच्या वस्तू एका पिशवीत दिल्या. पर्स, चष्मा, बूट. बूट त्यानं घरी येऊन तिसऱ्या दिवशी बाहेर काढले. नाडी खालच्या भोकांतून ओढून घेतलेली, वरची भोकं मोकळीच. आत हात घातला तर बोटांना अस्तर लागलं नाही. दोन्ही बुटांत दोन्ही बाजूंनी अस्तर कापलं होतं. कात्री नीट धरता न येणाऱ्या हातानं, तुटक तुटक कापलेलं. टोचू नये आणि वरून दिसू नये म्हणून कडा डिंकानं आत चिकटवल्या होत्या. डिंक दुकानातलाच होता.

आठव्या दिवशी कचेरीतली बाई आली, बायकोच्या शेजारच्या खिडकीवर बसणारी. खणातलं सामान घेऊन आली होती. कप, जाडजूड शिसपेन्सिली, एक कात्री. अक्का तेव्हा घरातच होती, तिनं चहा ठेवला.

"दुपारनंतर बूट काढूनच बसायच्या हो," ती बाई म्हणाली. "थंडी सुरू झाल्यापासून. मी म्हटलं, नवरा बूट शिवतो आणि तुम्ही बूट कापताय? त्यांना सांगा की, सैल करून देतील. तर म्हणाल्या, ते बूट नाही सैल करायचे, मलाच उचलून दवाखान्यात नेतील. डोंगर होऊ दे, मग सांगते."

"मग?" त्यानं विचारलं.

"मग मागल्या महिन्यात म्हणाल्या, आता सांगायची गरज नाही. त्यांना कळलंय."

अक्काचा हात कपबशीवर थांबला.

"मला म्हणाल्या, कळल्याशिवाय राहतंय होय? अंगठा दाबून बघितला त्यांनी. पण गप्प राहिले. मला डोंगरावर न्यायचं म्हणून गप्प राहिलेत. असा माणूस मिळायला नशीब लागतं, म्हणाल्या." बाईनं डोळे पुसले. "तुम्ही मोठं काळीज केलंत, कारागीर."

नाही म्हणावं तर बायकोचं ते एवढंसं समाधान खोटं पडत होतं, आणि हो म्हणावं तर ते त्याचं नव्हतंच. त्यानं काळीज मोठं केलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली होती. बाईनं निघताना पर्समधून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तलावावर जायची, शिक्का मारलेली, दोन माणसांची. पुढच्या रविवारची.

बाई गेल्यावर अक्का बराच वेळ भांडी विसळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"होतं आणि नव्हतं."

"असं कसं असतं रे?"

"असतं अक्का. तू सासूच्या वेळी सकाळी तिच्या खोलीचं दार उघडण्याआधी किती वेळ बाहेर उभी राहायचीस?"

अक्कानं नळ बंद केला. "बराच वेळ," ती म्हणाली. पदराला हात पुसत ती कोपऱ्यातल्या बुटांकडं बघत राहिली. सात वर्षांचे जोड होते. "यांचं काय करणार? चांगले आहेत. कुणाला तरी देऊन टाक. गरजू असतात."

"कुणाला बसायचे नाहीत."

"एवढ्या मोठ्या शहरात?"

"एवढ्या मोठ्या शहरात," तो म्हणाला.

रविवार आला आणि गेला. तो डोंगराकडं गेला नाही. त्या दिवशी त्यानं कपाटातून सगळे पुठ्ठे काढले आणि जमिनीवर तारखेप्रमाणे मांडले. खोली भरली, मग जिन्यापर्यंत आले. पहिल्या पुठ्ठ्यापासून चालत गेलं की तिचे पाय हळूहळू वाकत गेलेले दिसत होते. अंगठा आत, सांधा बाहेर, कुठं एखाद्या महिन्यात जरा बरे. शेवटचे दोन पुठ्ठे मात्र गोल आणि गुबगुबीत होते, लहान मुलानं काढल्यासारखे. त्यांत पाय दिसतच नव्हते. मोजे दिसत होते.

सात वर्षांत त्यानं तिला कसं वाटतंय म्हणून एकदाही विचारलं नाही. तशी अटच होती, असं अक्का म्हणते. ते खरं आहे. पण त्या दोन तारखांना त्यानं पायालाही विचारलं नाही.

आता दुकान उघडतो. गिऱ्हाईक येतं, पाय पुढं करतं. पहिल्यांदा तो मोजे काढायला लावतो. थंडी असो, घाई असो, कुणी चिडो. परवा एक साहेब म्हणाला, बुटाचं माप घेताय की झडती? तो मोजा निघेपर्यंत फीत हातात धरून बसून राहिला.

नव्या जोडातला डावा बूट पुरा झाला आहे. मोज्यांच्या आधीच्या मापाच्या फर्म्यावर शिवलेला, म्हणजे तिच्या सुजलेल्या पायात तो गेलाच नसता. हे त्याला ठाऊक आहे. उजवा अजून फर्म्यावरच आहे. त्या दिवशी मुठीत राहिलेल्या चुका त्यानं धुऊन, पुसून एका डबीत ठेवल्या आहेत, गंजू नयेत म्हणून तेलाचं बोट लावून. डबी बुटाशेजारीच असते. काम करताना दिसते.

उजव्या बुटाची टाच ठोकायची राहिली आहे.